चरणाऱ्या गाईचं रक्त काय सांगतं

गेली दोनेक वर्षं नागपुरात दुधावरून एक वाद सतत कानावर पडतो. हिंगणा-काटोलकडच्या गोठ्यांतून काचेच्या बाटलीत दूध येतं. बाटलीवर ‘मोकळ्या कुरणात चरणाऱ्या गाईचं’ असं लिहिलेलं असतं आणि भाव साध्या दुधापेक्षा बराच चढा असतो. ते घेणारे म्हणतात, गवतावरची गाय तेवढी निरोगी, बाकी सगळं कारखान्याचं दूध. दुसरीकडे दुधाचा धंदा वाढवू पाहणारी मंडळी आहेत. त्यांच्या मते चराई ही गरिबीची खूण आहे. गाय दावणीला बांधावी, मोजून खाऊ घालावं, लिटर वाढवावेत. मी दोन्हीकडच्या बैठकांना बसलो आहे. दोन्हीकडे गाईच्या नावानं हिरिरीने बोलतात, पण त्या गाईच्या अंगात शेवटी काय पोचतं, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. खरं तर हे विचारता येतं. मानेच्या शिरेतून दहा मिलिलिटर रक्त काढलं तर ती गाय गेले काही आठवडे काय खात होती, याचा बराचसा जबाब त्यात मिळतो.

माझं मत आधीच सांगतो. चराई टिकली पाहिजे आणि गावाची चराईची जमीन वाचली पाहिजे. याचं कारण गाईच्या रक्तात दिसतं, त्यासाठी श्रद्धेचा आधार घ्यायची गरज नाही. पण ‘चरणारी गाय’ ही आपल्याकडे बारमाही गोष्ट नाही, हेही तेच रक्त सांगतं. विदर्भात ती जुलै ते नोव्हेंबर खरी असते. मार्च ते जून तेच कुरण गाईला अर्धपोटी ठेवतं. या दोन ऋतूंना एकच नाव देऊन बोलणाऱ्याचं म्हणणं मला पटत नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

हिरव्या पानातून रक्तात काय उतरतं? सगळ्यांत ठळक म्हणजे कॅरोटीन. मारवेल, पवन्या, शेडा ही आपली गवतं कोवळी आणि हिरवी असताना त्यांत ते भरपूर असतं, आणि अशा गवतावर काही आठवडे चरलेल्या गाईच्या रक्तरसाचा रंगच पिवळा पडतो. प्रयोगशाळेत नळी फिरवून लाल पेशी खाली बसल्या की वरचा द्रव नुसत्या डोळ्यांनी पाहूनसुद्धा अंदाज येतो. या कॅरोटीनपासून गाय जीवनसत्त्व अ तयार करते आणि उरलेलं यकृतात, चरबीत आणि दुधात जातं. गाईचं लोणी पावसाळ्यात पिवळं दिसतं ते यामुळे. म्हैस मात्र जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध वर्षभर पांढरंच राहतं. पिवळेपणावरून दुधाची पारख करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय जर्सी रक्ताची गाय एरवीही जास्त पिवळं दूध देते. नुसता रंग पाहून कुरण सिद्ध होत नाही.

दुसरं जीवनसत्त्व ई. तेही ताज्या हिरव्या पानात मुबलक असतं आणि पान उन्हात वाळलं की झपाट्यानं घटतं. विण्याच्या आगेमागे गाईच्या रक्तातलं हे जीवनसत्त्व तसंही खाली येतं, आणि नेमकं त्याच वेळी शरीराची रोगाशी झुंजायची ताकद कमी झालेली असते. त्यात सेलेनियम हे खनिजही कमी असेल तर वार अडकते, कासदाह म्हणजे कासेची सूज होते, पुढचा माज लांबतो. कॅरोटीन स्वतः गाभण राहण्याला मदत करतं का, यावर संशोधकांत एकमत नाही आणि मी त्यावर भर देणार नाही. पण जीवनसत्त्व अ नसेल तर गर्भाशयाचं अस्तर, डोळे, वासराची वाढ हे सगळंच बिघडतं, यावर दुमत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात ही दोन्ही जीवनसत्त्वं जेमतेम असतात, कारण वारेतून ती फारशी पलीकडे जात नाहीत. त्याला ती मिळतात चिकातून. खरवसाचा तो गडद पिवळा रंग आपण कौतुकानं पाहतो. आईनं गाभणपणी किती हिरवं खाल्लं याचा हिशेब त्या रंगात असतो.

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यातलं बरंच खरं आहे. वीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या दुधातून रोज जवळजवळ एक किलो दुग्धशर्करा बाहेर जाते. ही साखर तिचं यकृत घडवतं, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून तयार ग्लुकोज फार थोडं रक्तात येतं. अशा गाईला माळावर सोडून दिली तर तिची भूक गवतानं भागत नाही. ती अंगची चरबी वितळवते, रक्तात मेदाम्लं आणि कीटोन वाढतात, ग्लुकोज उतरतं, आणि दोन महिन्यांत तिच्या बरगड्या मोजता येतात. चालण्यात शक्ती जाते ती वेगळीच. गोचीड आणि जंत चराईतूनही येतात, आणि त्यांनी रक्त शोषल्यावर हिमोग्लोबिन किती खाली येतं हे पशुवैद्यकाला विचारावं. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. दुपारी बारा वाजता गाय उघड्यावर ठेवणं ही क्रूरता आहे. हे सगळं मान्य. कुरणाच्या बाजूनं बोलणारे यातलं काहीच कबूल करत नाहीत, आणि म्हणूनच शेतकरी त्यांचं ऐकत नाही.

पण यावरून ‘गाय बांधा, तक्त्याप्रमाणे खाऊ घाला, गवताची गरज नाही’ हा निष्कर्ष निघतो का? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एकदा मिळालेलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. दुधातलं फॅट मोजायची चाचणी त्यांनी १८९० मध्ये दिली आणि फॅटवर दुधाचा भाव ठरवायचा मार्ग मोकळा झाला. आज गावच्या संकलन केंद्रावर जे चालतं त्याचं मूळ तिथे आहे. आयुष्यभर दूध मोजणाऱ्या या माणसालाच शंका होती की प्रथिनं आणि ऊर्जा यांचे आकडे जुळले म्हणजे खुराक जुळला असं नसावं. १९०७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा कालवडी घेतल्या आणि चार-चारचे गट केले. एका गटाला फक्त मक्याचं झाड आणि दाणा, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. रासायनिक तक्त्यात चारही खुराक एकसारखे बसवलेले. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या आणि त्यांना धडधाकट वासरं झाली. गव्हावरच्या गाई आंधळ्या झाल्या, त्यांची वासरं मेलेली किंवा मरणाच्या दारातली. तक्ता सारखा आणि गाई अशा वेगळ्या, हे कशानं? उत्तर पुढच्या काही वर्षांत मिळालं. त्याच विद्यापीठात १९१३ मध्ये जीवनसत्त्व अ सापडलं, आणि पिवळ्या मक्यात जे होतं ते गव्हाच्या काडात नव्हतं हे हळूहळू उलगडलं. तक्त्यात जे मोजलं जात नव्हतं तेच गाईला हवं होतं.

यावर आजचा पशुआहार-तज्ज्ञ म्हणेल की आता ते मोजलं जातं, जीवनसत्त्वांची पूड मिळते, घाला पेंडीत. बरोबर आहे. उत्तम मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), लसूणघास, संतुलित पेंड आणि पूड देणारा गोठा गाईच्या रक्तात सगळे आकडे नीट ठेवू शकतो. प्रश्न एवढाच आहे की असे गोठे नागपूर जिल्ह्यात किती आहेत. चराई सुटते तेव्हा प्रत्यक्षात गाईपुढे काय येतं? पश्चिमेकडे कडबा, कापसाच्या पट्ट्यात तूर-सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा वाळका भुसा आणि सरकीची ढेप, रामटेक-मौद्याकडे धानाची तणस. कुटारात कॅरोटीन नाही म्हटलं तरी चालेल, तणशीत नाही, पानं वाळून गेलेल्या कडब्यात नाही. ढेपेतून प्रथिनं आणि थोडी चरबी मिळते, दूध वाढतं, फॅट लागतं, मालक खूश होतो. आणि मग चौथ्या महिन्यात गाय उलटते, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते, पाचव्यातही उलटते, आणि आपण बीजाला, डॉक्टरला, नशिबाला दोष देतो. आदर्श गोठ्याची तुलना उजाड कुरणाशी करायची आणि गोठा जिंकला म्हणायचं, ही लबाडी आहे. तशीच ऑगस्टमधल्या कुरणाची तुलना वाईट गोठ्याशी करणं हीसुद्धा. तुलना करायची तर आपल्या गावातल्या खऱ्या कुरणाची खऱ्या दावणीशी करावी, आणि तीही त्याच महिन्यातली.

आता कुरणाच्या भक्तांकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. ‘निसर्गात गाईला सगळं मिळतं’ हे वाक्य ऐकलं की मला दक्षिण आफ्रिकेतली गुरं आठवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मोकळ्या गवताळ माळांवर चरणारी गुरं लुळी पडून मरत होती. अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकानं शोधून काढलं की त्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गुरांच्या रक्तात कमी. ती उणीव भागवायला गुरं माळावर पडलेली मेल्या जनावरांची हाडं चघळत आणि त्या हाडांतल्या विषानं मरत. गाय बांधलेली नव्हती, पेंड नव्हती, कारखाना नव्हता. मैलोन्‌मैल कुरण होतं. न्यूझीलंडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथल्या ज्वालामुखीच्या मातीवर गवत दाट उगवायचं आणि त्या हिरव्या गवतात उभी राहून गुरं खंगत जायची. आधी लोहाची कमतरता म्हणून लोहखनिजाची भुकटी दिली, तर काही गुरं सुधारली. १९३० च्या दशकात कळलं की गुण लोहाचा नव्हताच. त्या भुकटीत नकळत मिसळलेल्या कोबाल्टचा होता. मातीत कोबाल्ट नसेल तर गाईच्या पोटातल्या जिवाणूंना जीवनसत्त्व ब-१२ बनवता येत नाही. जमिनीवर कोबाल्ट टाकायला सुरुवात झाल्यावर त्याच भागात गुरं पोसता यायला लागली.

आपल्याकडे हे परकं आहे का? आपली काळी माती पिकाला जस्त पुरवत नाही ही तक्रार कृषिखात्याच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. त्या मातीतलं गवत गाईला जस्त कुठून देणार? स्फुरदाचं तर ऋतुचक्रच आहे. गवत कोवळं असताना त्यात स्फुरद बऱ्यापैकी असतो, निसवून वाळलं की निम्म्याहूनही खाली जातो. एप्रिलमध्ये गावाबाहेर गुरं भिंत चाटताना, चिंध्या, चपला, हाडकं चघळताना दिसतात, तो त्यांचा चाळा नसतो. तीच गाय दावणीला असती आणि तिला कोंडा, चुनी, ढेप मिळाली असती तर तिच्या रक्तात स्फुरद पुरेसा असता, कारण कोंड्यात आणि ढेपेत तो भरपूर असतो. म्हणजे मे महिन्यात दोन गाईंचं रक्त काढलं, एक उन्हाळी कुरणावरची आणि एक कुटार-ढेपेवरची, तर पहिलीत स्फुरद कमी निघेल, प्रथिनांची निशाणी असलेला युरिया तळाला गेलेला असेल, आणि दुसरीत हे दोन्ही नीट असून कॅरोटीन जवळपास संपलेलं असेल. कॅरोटीन तर पहिलीचंही संपत आलेलं असेल, कारण यकृतातला साठा हिरवं बंद झाल्यावर तीन-चार महिने पुरतो आणि आपलं हिरवं डिसेंबरात संपतं. या दोघींतली ‘नैसर्गिक’ कोणती आणि ‘कारखान्याची’ कोणती, याचा त्या दोघींना काय उपयोग?

रक्त वाचणं वाटतं तितकं सरळ नाही, हे इथेच सांगायला हवं. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉम्प्टन इथल्या संशोधकांनी गाईच्या रक्ताची चयापचय-तपासणी मांडली. एका आजारी गाईऐवजी कळपातल्या मोजक्या गाईंचं, भाकड, मध्यम आणि जास्त दुधाच्या अशा गटांचं रक्त पाहायचं आणि त्यावरून कळपाचा खुराक जोखायचा, अशी ती कल्पना. पुढच्या अनुभवानं कळलं की प्रत्येक आकडा सारखा बोलत नाही. कॅल्शियम घ्या. शंभर मिलिलिटर रक्तात ते आठ-दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि गाय ते तिथेच धरून ठेवते. खाण्यात कमी पडलं तर हाडातून काढते. त्यामुळे कॅल्शियमचा आकडा चांगला आला म्हणून खुराक चांगला असं म्हणता येत नाही. ते कोसळतं विण्याच्या वेळी, एकाएकी, आणि मग गाय दुग्धज्वरानं बसते. तांब्याचा साठा यकृतात असतो. तो संपत आल्याशिवाय रक्त काही बोलत नाही. मॅग्नेशियमला मात्र असा साठा नाही, ते आजच्या खाण्यावर अवलंबून असतं. युरिया तर तासातासाला बदलतो: पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर चढतो, वाळल्या गवतावर पडतो. एकाच कुरणाची ही दोन टोकं. नुसता एक कागद हातात धरून ‘आमच्या गाईचं रक्त बघा, सगळं नॉर्मल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्यात: रक्त कोणत्या महिन्यातलं, आणि गाय विऊन किती दिवस झाले होते?

इतकं सगळं कबूल केल्यावरही मी चराईच्या बाजूनं का? कारण लहान शेतकऱ्याला अ आणि ई ही जीवनसत्त्वं जवळजवळ फुकट मिळण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. विदर्भातल्या बहुतेक घरी वीस लिटरची गाय नाही. दोन-चार लिटर देणारी गावठी गाय, एखादी नागपुरी म्हैस, कुठे आर्वी-कारंजाकडून आलेली गवळाऊ. या जनावरांची गरज जुलै ते नोव्हेंबर चांगलं गवत आणि थोडी चुनी भागवू शकते. त्या पाच महिन्यांत यकृतात जे साठतं त्यावर ती हिवाळा काढतात. हा साठा झालाच नाही, म्हणजे पावसाळ्यातही गाय कुटारावरच राहिली, तर उन्हाळ्यात विणाऱ्या गाईकडे आणि तिच्या वासराकडे काहीच उरत नाही. आणि कुरणातला जादा चारा निसवायच्या आधी कापून मुरघास केला तर कॅरोटीन उन्हात वाळवण्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. हिरवं म्हणून नुसता नेपियर लावणं हा त्यावरचा पूर्ण उपाय नव्हे. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि विहिरीला मे महिन्यात पाणी नसेल तर नेपियरही नसतो.

पण कुरण आहे कुठे? २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनजमीनच मानावं असा निकाल दिला. सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन हा त्या साऱ्या वादाचा विषय होता. त्यावर इतकं बोललं गेलं: घरांचं काय, रस्त्यांचं काय, वाघांच्या वाटांचं काय. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण मध्य प्रांताच्या काळापासून ही खुरटी, नांगराला न येणारी जमीन गावाची गुरं चारायला वापरली जात होती, ती निस्ताराची, म्हणजे गावकऱ्यांच्या चराई-सरपणासारख्या गरजांसाठीची जमीन होती, हे त्या चर्चेत माझ्या कानावर जवळजवळ आलंच नाही. आणि जिथे ती उरली आहे तिथे तरोटा आणि गाजर गवत माजलं आहे. पावसाळ्यात दुरून हिरवं दिसतं, जवळ गेलं की गुरं तोंड लावणार नाहीत असं रान. अशा जागी चरून आलेल्या गाईला ‘कुरणातली गाय’ म्हणणं मला खटकतं. काही वर्षं आळीपाळीनं चराई थांबवली, तरोटा फुलायच्या आधी उपटला, मारवेलचे ठोंब लावले, तर तीच जमीन पुन्हा चारा देते. यात अवघड शास्त्र काहीच नाही, फक्त गावानं ठरवावं लागतं.

आणि चारणारा माणूस. आमच्या लहानपणी सकाळी आखरावर गुरं जमायची आणि गायकी त्यांना घेऊन जायचा. कोणत्या बरडीवर कधी गवत येतं, कुठली घाणेरी खाल्ली तर गुरांचं कातडं उन्हात सोलतं, कोणती गाय माजावर आली, हे सगळं त्याला ठाऊक असायचं आणि त्याबद्दल त्याला मिळायचं वर्षाला काही पायल्या धान्य. आज त्याचा मुलगा हे काम करत नाही, आणि त्यानं करावं असं सांगायचा हक्क शहरातल्या कुणालाही नाही. याच शहरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ११४ गोवारी चेंगराचेंगरीत गेले. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारा समाज आपला हक्क मागायला विधिमंडळावर आला होता. चराईचं दूध महाग विकत घेणाऱ्यानं आपल्या पैशातला किती हिस्सा त्या बाटलीमागच्या गायक्यापर्यंत जातो, हे एकदा विचारावं. चराई हवी असेल तर ते पगारी, जाणकाराचं काम मानावं लागेल, आणि तो पगार दुधाच्या भावातूनच यावा लागेल.

माझी मागणी साधी आहे आणि ती दोन्ही बाजूंना पचायला जड जाईल. जिल्ह्यात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, राज्याचं पशु आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपुरातच आहे. तालुक्यातली काही गावं निवडावीत, झुडपी जंगलाच्या काठची काही आणि चराई पूर्ण सुटलेली काही. प्रत्येक गावात त्याच दहा-बारा जनावरांचं रक्त ऑक्टोबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा काढावं: कॅरोटीन, जीवनसत्त्व ई, स्फुरद, मॅग्नेशियम, युरिया, जस्त, तांबं, हिमोग्लोबिन. सोबत गवताचा आणि मातीचा नमुना. कुठे खनिज मिश्रणात काय कमी-जास्त करायचं ते त्यावरून ठरेल. सगळ्या जिल्ह्याला एकच पुडी वाटण्यात अर्थ नाही. आणि तो कागद कार्यालयाच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवावा, गावातल्या झुडपी जंगलाच्या नकाशाशेजारी ठेवून.